आधी मोजा, मग मोजा

मराठीत ‘मोजा’ म्हटलं की दोन अर्थ निघतात. एक पायात घालायचा आणि दुसरा टेप हातात घेऊन करायचा. भाषेच्या अंगाने बघितलं तर दोघांचं काही नातं नाही. पायातला मोजा फारसीतल्या ‘मोझा’वरून आलाय, तिकडे त्याचा अर्थ पायात चढवायचा बूट. पण ज्याने एकदा तरी सुयांवर मोजा विणलाय तो सांगेल की हे दोन शब्द सख्खे भाऊच असायला हवे होते. स्वेटर दोन बोटं सैल झाला तर चालतो, मफलर वीतभर लांब झाला तर उलट बरं वाटतं. मोजा मात्र माफ करत नाही. तो बुटात जातो, त्यावर सगळ्या अंगाचा भार पडतो, आणि एक सुरकुतीसुद्धा दिवसभर टोचत राहते.

त्यात लोकर भेट मिळालेली असेल तर आणखी पंचाईत. दुकानातल्या गुंड्यावर पट्टी असते. वजन किती, लांबी किती, कुठल्या नंबरच्या सुया घ्यायच्या, सगळं छापलेलं. कमी पडली तर दुसरा गुंडा आणता येतो. भेटीच्या लोकरीला पट्टी नसते आणि दुसरा गुंडाही नसतो. मी ह्या वर्षी नेमके असेच मोजे विणले. ते कसे विणले, कुठे अडतं आणि त्यातून वाट कशी निघते, हे मंडळातल्या मैत्रिणींनी (आणि दोन मित्रांनी) विचारलं, म्हणून हा लेख.

लोकर कुठून आली

माझी हॉस्टेलमधली रूममेट लाहौलची, केलाँगजवळच्या गावची. केलाँग हे लाहौल-स्पीती जिल्ह्याचं मुख्य ठिकाण, समुद्रसपाटीपासून तीन हजार मीटरहून उंच. २०२० साली अटल बोगदा सुरू होईपर्यंत रोहतांगची खिंड बर्फाने बंद झाली की हिवाळ्याचे कित्येक महिने तिकडचा रस्ताच तुटायचा. घरात बसून करण्यासारखी जी कामं होती त्यांत कताई आणि विणकाम मोठं. लाहौलचे रंगीत पट्ट्यांचे, भौमितिक नक्षीचे मोजे प्रसिद्ध आहेत. तिथल्या मोज्यांना आणि हातमोज्यांना भौगोलिक मानांकनही मिळालंय.

ही कला तिथे कशी रुजली हे ऐकून मला गंमत वाटली. १८५६ मध्ये मोरावियन पंथाच्या मिशनऱ्यांनी केलाँगला ठाणं वसवलं. तिथल्या हायडे नावाच्या मिशनऱ्याशी लग्न करायला १८५९ मध्ये मारिया हायडे आल्या. त्यांनी गावच्या बायकांना मोजे विणायला शिकवलं. लोकर त्या बायकांच्या घरात होतीच, मेंढ्या होत्या, कताई येत होती. सुयांवर टाके घालणं नवीन होतं. पुढे नक्षी आणि रंग लाहौलच्या बायकांनी स्वतःचे आणले आणि मोजा तिथलाच होऊन गेला. शिकवणारीचं नाव आज विणणाऱ्यांतल्या फार थोड्यांना माहीत असेल, पण हात शिकले ते शिकलेच.

तर माझी रूममेट जुलैमध्ये सुट्टीहून आली ती दोन लड्या घेऊन. राखाडी, मधे मधे तपकिरी झाक, हाताने कातलेली लोकर. तिच्या आजीने कातलेली. आजीचा खांदा आता चालत नाही, त्यामुळे ही शेवटचीच, असं ती सहज बोलता बोलता म्हणाली. ‘तू बुनती है ना, तो तेरे काम आएगी.’

मला तेव्हाच ठाऊक होतं की हे मोजे माझ्या आजीचे होणार. आजी ग्वाल्हेरला असते. तिथली डिसेंबर-जानेवारीची थंडी इंदूरसारखी गुलाबी नसते, धुकं पडलं की दोन-दोन दिवस सूर्य दिसत नाही. आजीला पंधरा वर्षांपासून मधुमेह आहे. डावा पाय संध्याकाळपर्यंत सुजतो (डॉक्टरांनी तपासलंय, औषध चालू आहे). मागच्या थंडीत तिने बाजारातले मोजे घातले, तर इलॅस्टिकचा वळ घोट्याच्या वर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गेला नव्हता. डॉक्टर म्हणाले, आवळणारं काही नको आणि बोटांपाशी शिवण नको. मधुमेहात पायाची संवेदना कमी होते. शिवण घासून फोड आला तरी माणसाला कळत नाही, आणि तो फोड लवकर भरतही नाही. तेव्हा हे मोजे नुसते ऊबदार असून भागणार नव्हतं.

निनावी लोकरीची ओळख

भेटीची लोकर हातात आली की चार गोष्टी शोधायच्या.

पहिली, ती खरंच लोकर आहे का. बोटभर तुकडा चिमट्यात धरून काडीने पेटवायचा, खाली पाण्याची वाटी ठेवून. लोकर असेल तर केस जळल्याचा वास येतो, ज्योत काढली की ती आपोआप विझते आणि राख बोटांत चुरली जाते. अॅक्रिलिक असेल तर ते वितळतं आणि मागे कडक मणी राहतो.

दुसरी, जाडी. पट्टीवर धागा शेजारीशेजारी गुंडाळायचा, ओढायचा नाही. अडीच सेंटीमीटरमध्ये किती वेढे बसतात ते बघायचं. माझ्या लोकरीचे बारा बसले, म्हणजे मध्यम जाडी. हातकताईची असल्याने कुठे जाड कुठे बारीक, म्हणून चार ठिकाणी मोजून सरासरी धरली.

तिसरी, वजन. मावशीकडचा केकसाठी वापरायचा डिजिटल काटा आणला. दोन्ही लड्या मिळून १०४ ग्रॅम. हा काटा पुढे महिनाभर माझ्या टेबलावरून हलला नाही. सराफ्यातला सोनार बघेल तशी मी लोकरीकडे बघत होते.

चौथी, धुतल्यावर ती कशी वागते. लोकरीच्या तंतूवर खवले असतात. गरम पाणी आणि चोळणं मिळालं की ते एकमेकांत अडकतात आणि कापड आटून जाड नमदा होतो. म्हणून लडी गार पाण्यात, रिठ्याच्या फेसात पंधरा मिनिटं नुसती बुडवून ठेवली, मग दाबून, टॉवेलात गुंडाळून पाणी काढलं आणि सावलीत वाळवली. नंतर रूममेटच्या दोन हातांवर लडी अडकवून गुंडा केला. गुंडा सैल करायचा. घट्ट गुंडाळलेली लोकर ताणलेली राहते, आणि मोजा धुतल्यावर ती आपल्या मूळ लांबीला परत जाते, म्हणजे मोजा लहान होतो.

नमुन्याचा चौकोन

ह्यापुढची पायरी सगळ्यांना कंटाळवाणी वाटते आणि तीच सगळ्यात महत्त्वाची. राजवाड्याजवळच्या दुकानातून मी अकरा नंबरच्या सुया आणल्या, म्हणजे तीन मिलिमीटरच्या. आपल्याकडे सुयांचा नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक, हे लक्षात ठेवायचं. मोज्यासाठी दोन्ही बाजूंना टोक असलेल्या पाच सुयांचा संच लागतो. चार सुयांवर टाके, पाचवीने विणायचं, म्हणजे नळीसारखं गोल विणलं जातं आणि शिवण येत नाही.

आधी एक चौकोन विणला, धुतला, वाळवला आणि मग मोजला. दहा सेंटीमीटर रुंदीत २४ टाके, दहा सेंटीमीटर उंचीत ३२ ओळी. म्हणजे एका सेंटीमीटरला २.४ टाके आणि ३.२ ओळी. ह्या दोन आकड्यांवर पूर्ण मोजा उभा राहतो. मोजून झाल्यावर चौकोन उसवला आणि तीच लोकर पंज्यासाठी वापरली. एकशे चार ग्रॅममधले सात ग्रॅम चौकोनात अडकवणं मला परवडणारं नव्हतं.

दोन पाय, दोन मापं

दिवाळीत घरी गेले तेव्हा आजीचे पाय मोजले, संध्याकाळी, सूज जास्त असते तेव्हा. वर्तमानपत्रावर पाय ठेवून पेन्सिलने आकार काढला. लांबी दोन्हींची २२ सेंटीमीटर. बोटांच्या मागे पाय सर्वांत रुंद असतो तिथला घेर उजव्याचा २३, डाव्याचा २५.

आपल्यासारख्यांच्या पायाला मोजा विणताना घेरातून दहावा हिस्सा कमी धरतात, कारण विणकाम ताणलं जातं आणि थोडं ताणलेलं असलं तरच मोजा पायावर नीट बसतो. माझा घेर २२. त्याला २.४ ने गुणलं तर साधारण ५३ टाके, दहावा हिस्सा वजा केला की ४८. आजीसाठी मी हा हिस्सा वजा केला नाही. २३ गुणिले २.४ म्हणजे ५५ आणि थोडे, म्हणून उजव्याला ५६ टाके. २५ गुणिले २.४ म्हणजे ६०. दोन्ही आकडे चारने भागले जातात, हेही हवंच होतं, कारण वरच्या पट्टीला दोन सुलट दोन उलट अशी वीण घालायची होती.

म्हणजे जोडी एक, पण टाके वेगळे. बघणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसले पाहिजेत आणि घालणारीला दोन्ही आपापल्या पायाचे वाटले पाहिजेत. चारच टाक्यांचा फरक आहे, लांबून कळत नाही.

लोकरही अर्धी-अर्धी वाटून चालणार नव्हतं. ५६ आणि ६० ह्या प्रमाणात १०४ ग्रॅम वाटले तर ५० आणि ५४ येतात. तसे दोन वेगळे गुंडे केले.

बोटांकडून वर

जुनी पद्धत वरून खाली विणायची. पट्टी, पोटरी, टाच, पाऊल आणि शेवटी बोटं. तिच्यात धोका हा की लोकर संपली तर बोटं उघडी! लोकर मोजकी असेल तेव्हा बोटांकडून सुरुवात करावी. पाय आधी झाकला जातो, आणि उरलेली लोकर वर जिथवर पुरेल तिथवर.

सुरुवातीचे टाके घालायची ज्युडी बेकर ह्यांची एक रीत आहे, २००६ साली प्रसिद्ध झालेली. दोन सुया एकावर एक समांतर धरायच्या आणि धाग्याची दोन टोकं आळीपाळीने एकदा वरच्या, एकदा खालच्या सुईवर गुंडाळायची. दोन्हीकडे दहा-दहा वेढे झाले की लगेच गोल विणायला लागायचं. मधे जोड नाही, उंचवटा नाही. डॉक्टरांनी जी शिवण नको म्हटलं होतं ती इथे तयारच होत नाही.

वीस टाक्यांपासून सुरुवात. एक फेरी वाढवायची, एक साधी. वाढवायच्या फेरीत पायाच्या दोन्ही कडांना, वर-खाली मिळून चार टाके वाढतात. ५६ व्हायला अशा नऊ फेऱ्या लागतात, ६० व्हायला दहा. मग पाऊल सरळ विणत जायचं. इथे डोकं लागत नाही. माझं पाऊल मध्ययुगीन काव्याच्या नोट्स ऐकत झालं.

टाच

खरी परीक्षा टाचेची. नळी सरळ चालली आहे आणि तिला काटकोनात वळवायचं आहे, तेही न कापता, न शिवता. ह्यासाठी अर्ध्या ओळींची युक्ती असते.

उजव्या मोज्याच्या ५६ टाक्यांतले तळपायाचे २८ टाके घ्यायचे, वरचे २८ तसेच सुयांवर थांबतील. ह्या २८ वर पुढे-मागे विणायचं, पण प्रत्येक ओळीत शेवटी एक टाका जास्त सोडून वळायचं. पहिल्या ओळीत २७ विणले, दुसरीत २६, तिसरीत २५. अठरा ओळी झाल्या की मधे दहा टाके उरतात आणि दोन्ही बाजूंना नऊ-नऊ थांबलेले असतात. आता उलटा प्रवास. प्रत्येक ओळीत थांबलेल्यांतला एक परत घ्यायचा. आणखी अठरा ओळींनी सगळे २८ परत कामाला लागतात. मधल्या भागात ओळी जास्त आणि कडेला कमी, त्यामुळे कापड आपोआप वाटीसारखं फुगतं. ती वाटी म्हणजे टाच.

वळताना भोक पडतं. त्याला उपाय असा की वळायच्या आधी सोडलेल्या टाक्याभोवती धाग्याचा एक वेढा द्यायचा, आणि परतीच्या वेळी तो वेढा आणि टाका मिळून एकत्र विणायचा.

टाच कधी सुरू करायची? अठरा ओळी भागिले ३.२ म्हणजे साडेपाच सेंटीमीटर. पाय २२ चा, म्हणून बोटांच्या टोकापासून साडेसोळा सेंटीमीटर झाल्यावर. डाव्याचे टाके ३०, तिथे दोन्ही बाजूंना दहा-दहा सोडायचे, म्हणजे वीस ओळी, सव्वासहा सेंटीमीटर. म्हणून डावी टाच पाऊण सेंटीमीटर आधी.

ह्या टाचेची एक अडचण आहे. पायाचा वरचा उंचवटा आणि टाच ह्यांच्या तिरक्या घेरात ती थोडी आवळते. सुजणाऱ्या पायाला हे अजिबात चालणार नाही. म्हणून टाचेआधीच्या आठ फेऱ्यांत, एकाआड एक, वरच्या भागाच्या दोन्ही कडांना एकेक टाका वाढवला. एकूण आठ टाके जास्त. टाच फक्त तळपायाच्या टाक्यांवरच केली आणि टाच झाल्यावर आठ फेऱ्यांत हे आठ टाके तसेच कमी केले. पायात घातल्यावर घोट्यापुढची जागा मोकळी राहते.

काट्यावरचा हिशेब

आता उरलेल्या लोकरीत वर किती जाता येईल? त्यासाठी पाऊल विणतानाच दहा फेऱ्यांच्या आधी आणि नंतर गुंड्याचं वजन करून ठेवायचं. माझ्या दहा फेऱ्यांना पाच ग्रॅम लागत होते. उजवी टाच झाली तेव्हा ३१ ग्रॅम संपले होते, १९ उरले. त्यातले पाच बाजूला काढले, एक शेवटी टाके बंद करायला आणि चार पुढे कधी रफू लागलं तर. राहिले १४, म्हणजे २८ फेऱ्या, म्हणजे जवळजवळ नऊ सेंटीमीटर. डाव्याचा हिशेब केला तर तिथेही २८ च फेऱ्या आल्या. लोकर टाक्यांच्या प्रमाणात वाटली होती त्याचं हे फळ.

नऊ सेंटीमीटर म्हणजे घोट्याच्या थोडं वर. आजीला पोटरीपर्यंत हवे होते. वर दुसऱ्या लोकरीची पट्टी जोडता आली असती, पण बाजारातली लोकर वेगळी ताणली जाते, आटतेही वेगळी. बरोबर त्या जोडावर, बरोबर घोट्याच्या वर, पुन्हा आवळलं असतं. म्हणून उंची सोडली आणि मोकळेपणा ठेवला. दोन्ही मिळणार नसेल तर ज्याने वळ उठणार नाही ते घ्यावं.

शेवटचे टाके बंद करताना तर जास्तच सैल हात हवा. इथे मी सात नंबरची, म्हणजे साडेचार मिलिमीटरची सुई घेतली. दोन टाके मागच्या बाजूने एकत्र सुलट विणायचे, झालेला टाका परत डाव्या सुईवर ठेवायचा, पुन्हा तो आणि पुढचा एकत्र. अशी कड ताणली की पसरते आणि सोडली की जागेवर येते. इलॅस्टिक कुठेच नाही. दोन्ही मोजे मिळून साधारण साडेदहा हजार टाके झाले.

घातल्यावर

नाताळच्या सुट्टीत मोजे ग्वाल्हेरला गेले. आजीने संध्याकाळी घातले. रात्री झोपताना काढले तेव्हा मी आणि बाबांनी बॅटरी घेऊन घोटा बघितला. वळ नव्हता. आजी म्हणाली, “एवढं काय तपासता, पाय माझा आहे.” आणि मग, “डावा जास्त चांगला झालाय.” डावा नंतर विणला होता, हात बसलेला होता, तिला ते न सांगता कळलं.

विणून देणाऱ्याने सोबत तीन गोष्टी सांगाव्यात. गुळगुळीत फरशीवर लोकरी मोजे घसरतात, म्हणून वर सपाता घालायच्याच. मधुमेह असेल तर मोजे ऊबदार असले तरी रोज रात्री काढून तळपाय, बोटांच्या फटी बघायच्या. धुताना गार पाणी आणि रिठा किंवा साधा शॅम्पू, चोळायचं नाही, पिळायचं नाही, वाळत टांगायचं नाही. सपाट पसरून सावलीत वाळवायचे. उन्हाळ्यात कडुनिंबाच्या वाळलेल्या पानांबरोबर ठेवायचे, कसर लागत नाही.

रफूसाठी ठेवलेली आठ ग्रॅम लोकर माझ्याकडे डबीत आहे. आजी रोज घालते आहे, म्हणजे टाच दोनेक वर्षांत विरेल. तेव्हा तीच लोकर, तोच रंग लागेल.

कुणाला विणायला घ्यायचं असेल तर पहिला जोड स्वतःचा करा, बाजारातल्या एकसारख्या लोकरीचा. भेटीची लोकर दुसऱ्या जोडासाठी ठेवा. टाचेची वाटी कागदावर वाचून कळत नाही, बघावी लागते. मंडळाच्या शनिवारच्या बैठकीला सुया आणि गुंडा घेऊन या, मी दाखवते. टेप विसरू नका.